रुमालाबाहेरचा इतिहास

पुण्यात इतिहास म्हटला की प्रथम रुमाल आठवतो. जुन्या दप्तरातील कागद ज्या चौकोनी कापडात बांधून फडताळात रचून ठेवीत त्यास रुमाल म्हणत, आणि असे हजारो रुमाल पेशवे दप्तरात आजही आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून मोडी कागद मिळविले, 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, रियासतकार सरदेसायांनी निवडक पेशवे दप्तराचे 45 खंड सिद्ध केले; आणि सनदा, महजर, करीने, ताळेबंद यांच्या आधाराने महाराष्ट्राच्या भूतकाळाची जी इमारत या मंडळींनी उभी केली तिच्या छायेत आपण सगळेच वाढलो, याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु या इमारतीत स्त्रीला जी दालने मिळाली ती राजमातेची, कारस्थानी राणीची किंवा सती गेलेल्या पत्नीची. हाती लेखणी घेऊन बसलेली स्त्री तेथे कोणी शोधली नाही; आणि गंमत अशी की, ज्या दशकांत हे पुराणे कागद मोठ्या कष्टाने शोधले जात होते त्याच दशकांत, त्याच पुणे-मुंबईत, स्त्रिया लिहीत होत्या, त्यांची पुस्तके छापली जात होती, त्यांवर अभिप्राय येत होते, वादही माजत होते. ते वाचण्यास मोडीचे ज्ञान लागत नव्हते. तो इतिहास आहे असे वाटावे लागत होते, इतकेच.

तसे ज्यांस वाटले अशा विदुषींत मीरा कोसंबी यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म 1939 चा. आडनाव उच्चारताच मराठी वाचकास दोन पुरुष आठवतात: गोव्यातील साखवाळ गावातून ज्ञानाच्या ओढीने बाहेर पडून पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे आचार्य झालेले धर्मानंद, आणि गणितात नाव कमावून प्राचीन भारताच्या इतिहासलेखनास नवी दिशा देणारे दामोदर. मीराताई या धर्मानंदांची नात व दामोदरांची कन्या. अशा घरात जन्म घेणे हे भाग्य खरे, पण त्यात एक संकटही असते. वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाखाली आपले नाव कायमचे झाकले जाण्याचा संभव असतो. मीराताईंनी गणित घेतले नाही, पालीही घेतली नाही. त्या समाजशास्त्राकडे वळल्या, आणि तेही स्वीडनमधील स्टॉकहोम विद्यापीठात.

तेथे 1980 मध्ये त्यांनी सादर केलेला प्रबंध मुंबई आणि पुणे या दोन शहरांविषयी होता. 1650 ते 1900 या अडीचशे वर्षांत ही शहरे कशी वाढली, कोणती जात कोणत्या पेठेत वसली, बंदराच्या व्यापाराने मुंबईची आणि पेशवाईच्या उदयास्ताने पुण्याची वस्ती कशी बदलली, याचा तो शोध होता. पुढे 1986 मध्ये मुंबईच्या 1880 ते 1980 या शतकाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खानेसुमारीचे तक्ते, वॉर्डांचे नकाशे, घनतेचे आकडे यांत त्या रमलेल्या होत्या. हे तपशील मी मुद्दाम देतो, कारण पुढे स्त्रियांच्या लेखनाविषयी त्यांनी जे केले त्यात नगराभ्यासकाची ही नजर कधी सुटली नाही. एखादी लेखिका कोणत्या गावी, कोणत्या वाड्यात, कोणाच्या शेजारी राहून लिहीत होती, तिला पुस्तके कोण आणून देई, घराचा उंबरठा ओलांडून ती कोणत्या सभेस जाऊ शके आणि कोणत्या सभेस जाऊ शकत नसे, हे प्रश्न त्यांस कादंबरीच्या कथानकाइतकेच महत्त्वाचे वाटत. 2007 मध्ये आपल्या निबंधसंग्रहास उंबरठे ओलांडण्याचे नाव त्यांनी दिले ते काही केवळ अलंकार म्हणून नव्हे.

शहरांकडून त्या स्त्रियांकडे वळल्या त्या काळाचाही त्यात वाटा होता. 1974 च्या अखेरीस भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने सरकारास अहवाल सादर केला, आणि स्वातंत्र्यानंतर सर्व काही सुरळीत चालले आहे या समजुतीस मोठा धक्का बसला. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र उभे राहिले. पुढच्याच वर्षी स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा 1882 मधील निबंध पुन्हा छापून आणला; बुलढाण्याच्या एका बाईने पुरुषजातीस भर चौकात जाब विचारला होता आणि पाऊणशेहून अधिक वर्षे महाराष्ट्र ते विसरून गेला होता, हे तेव्हा उघड झाले. या केंद्राच्या संचालकपदाची धुरा पुढे मीराताईंकडे आली. ज्या विद्यापीठाचा पाया महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये घातला, तेथे बसून कर्व्यांच्याच पिढीतील स्त्रियांचा शोध घ्यावा, हा योग लहान नव्हे.

आरंभ पंडिता रमाबाईंपासून झाला, आणि रमाबाई त्यांस शेवटपर्यंत सोडून गेल्या नाहीत. रमाबाईंविषयी मराठीत लिहिले गेले नव्हते असे नाही. उलट पुष्कळ लिहिले गेले होते, आणि तीच अडचण होती. एका पक्षास त्या धर्मांतर करून समाजास दगा देणाऱ्या विदुषी वाटत, दुसऱ्यास प्रभूच्या चरणी लीन झालेल्या साध्वी. दोन्ही पक्षांनी त्यांचे जीवन आपापल्या फिर्यादीत पुरावा म्हणून रुजू केले होते. त्यांचे लेखन मात्र फारसे कोणी उघडून पाहिले नव्हते. मीराताईंनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. त्यांनी रमाबाईंच्या शब्दांपासून आरंभ केला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'स्त्रीधर्मनीति'. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हे पुस्तक लिहिले. विलायतेच्या प्रवासाचा खर्च त्याच्या विक्रीतून निघाला. आज ते उघडून पाहणारा वाचक चकित होतो, कारण त्यात बंड नाही. स्त्रियांच्या दुर्दशेचा दोष बराचसा स्त्रियांच्याच आळसावर व अज्ञानावर ठेवलेला आहे. पतिव्रताधर्माचा उपदेश आहे. नीटनेटके राहावे, विद्या मिळवावी, वेळ फुकट घालवू नये, अशी शिकवण आहे. भक्ताने हे पुस्तक सोयीस्करपणे बाजूस ठेवले असते. मीराताईंनी त्याचा एक स्वतंत्र अभ्यासच मांडला, आणि दाखविले की पाच वर्षांनंतर, 1887 मध्ये, फिलाडेल्फियात छापलेल्या इंग्रजी ग्रंथात हीच रमाबाई उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखाचे कारण शास्त्रे, रूढी आणि पुरुषसत्ता यांत शोधते. या दोन टोकांच्या मध्ये इंग्लंड आहे, वाँटेजच्या मठात घेतलेली ख्रिस्ती दीक्षा आहे, चेल्टनहॅमचे महाविद्यालय आहे, अमेरिका आहे. रमाबाईंचे खरे परिवर्तन कोणते, धर्माचे की स्त्रीविषयक दृष्टीचे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हा प्रश्न त्यांनी इतक्या सरळपणे विचारला की त्यावर रागावणेही कठीण झाले. आपल्या नायिकेचा पहिला, कच्चा, जवळजवळ सनातनी ग्रंथ लोकांपुढे ठेवण्यास चरित्रकारास जे धैर्य लागते ते मराठीत दुर्मिळ आहे. आपल्याकडे चरित्र लिहिणारा बहुधा आरती करू लागतो.

पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे रमाबाईंच्या अमेरिकेविषयीच्या ग्रंथाचा उद्धार. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या त्या काही आठवड्यांसाठी; राहिल्या अडीच वर्षांहून अधिक काळ. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले, त्या पैशाच्या बळावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले, आणि त्याच वर्षी 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा त्यांचा मराठी ग्रंथ निघाला. नाव प्रवासवृत्ताचे असले तरी हा ग्रंथ प्रवासवर्णन नव्हे. तेथील राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्म, व्यापार आणि अखेरीस स्त्रियांची स्थिती, अशी त्याची बांधणी आहे. एका विधवा मराठी बाईने अमेरिकेकडे पाहिले, तिची मुक्त कंठाने प्रशंसा केली, मूळच्या रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल तिला दोषही दिला, आणि ते सारे आपल्या भाषेत आपल्या लोकांसाठी लिहिले. पाश्चात्त्यांनी पौर्वात्यांकडे पाहावे आणि पौर्वात्यांनी पाहून घ्यावे, अशी ज्या काळाची रीत होती त्या काळातली ही उलटी नजर आहे. 2003 मध्ये मीराताईंनी तो ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा अमेरिकेतील विद्वानांस कळले की टॉकव्हिलखेरीज त्यांच्या देशाकडे बारकाईने पाहणारे आणखी कोणी होते. येथे आपण क्षणभर थांबावे. या ग्रंथाची भाषा मराठी. तो मुंबईत छापला गेला. आणि त्याची थोरवी आपल्या ध्यानात यावयास एकशे चौदा वर्षे आणि एक इंग्रजी भाषांतर लागले.

रखमाबाईंच्या खटल्यावरील त्यांचा 1995 मधील लेख अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, नवऱ्याच्या घरी नांदण्यास नकार देणाऱ्या या मुलीवर दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पुढे अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा अथवा सहा महिने कारावास भोगा असा हुकूम दिला, आणि 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हकीकत ठाऊक असते ती इतकी. मीराताईंनी त्यातली गाठ उकलली. नांदावयास भाग पाडण्याचा हा कायदा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून येथे आला होता; आणि आमच्या धर्मात परकीयांनी ढवळाढवळ करू नये म्हणून आरडाओरडा करणारी मंडळी या परकीय कायद्याच्या आश्रयास मात्र बिनदिक्कत गेली. स्त्रीच्या शरीरावर सत्ता कोणाची, एवढाच प्रश्न उरला की राजा आणि प्रजा यांचे किती चटकन जमते, हे त्या लेखातून उमगते. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

काशीबाई कानिटकरांकडे येताना मात्र मीराताईंचा स्वर थोडा मृदू होतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. काशीबाईंचा जन्म 1861 चा, आष्टे गावचा. नवव्या वर्षी लग्न झाले ते गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी. गोविंदराव रसिक, कवी, पुढे सरकारी न्यायखात्यात अधिकारी, आणि स्त्रियांच्या दास्याविषयीचा मिल्लचा ग्रंथ मराठीत आणणारे सुधारक. अशा नवऱ्याच्या पदरी निरक्षर, दिसण्यातही साधी अशी बायको पडली, आणि त्यांनी आपली निराशा लपविली नाही. स्त्रीस्वातंत्र्याचा पाठ देणारा पुरुष घरातल्या मुलीस कोणत्या नजरेने पाहत होता, हे काशीबाईंनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ती मुलगी चोरूनमारून अक्षरे शिकली, सासरच्यांचे टोमणे सोसून वाचू लागली, आणि वाचता वाचता लिहू लागली. हरि नारायण आपट्यांसारखा साहित्यमित्र लाभला. 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकातून 'रंगराव' ही कादंबरी क्रमशः आली आणि 1903 मध्ये ग्रंथरूप पावली. त्याआधी, 1889 मध्येच, त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पत्रांसह प्रसिद्ध केले होते. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले हे चरित्र, नायिकेच्या निधनानंतर दोनच वर्षांत वाचकांच्या हाती आले.

काशीबाईंच्या आठवणी सरोजिनी वैद्य यांनी साक्षेपाने संपादून प्रसिद्ध केल्या होत्या, आणि मीराताईंचे काम त्या पायावर उभे आहे. हे ऋण मान्य केल्याविना पुढे जाता येत नाही. 2008 मधील त्यांच्या ग्रंथात काशीबाईंचे जीवन आणि लेखन एकत्र गुंफलेले आहे, आणि ग्रंथाचे नावच एक प्रश्न आहे: या बाईची दृष्टी स्त्रीवादी म्हणावी, की पुरुषांविरुद्धचा राजद्रोह? प्रश्नाचे मूळ 1928 मध्ये निघालेल्या 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत आहे. असमर्थ संस्थानिकाशी विवाह झालेली एक स्त्री राज्याचा कारभार हाती घेते आणि संस्थानात स्त्रियांचे शिक्षण, स्त्रियांचे अधिकार, स्त्रियांचेच कारभारी अशी व्यवस्था उभी करते. बंगालच्या रुकैया हुसेन यांनी 1905 मध्ये स्त्रियांच्या राज्याचे स्वप्न इंग्रजीत रंगविले, त्याची आठवण व्हावी असे हे कल्पित आहे. पण रुकैयांच्या स्वप्नात विज्ञानाची जादू आहे, काशीबाईंच्या संस्थानात दप्तर आहे, कारकून आहेत, हुकूमनामे आहेत. एका न्यायाधिकाऱ्याच्या बायकोने आयुष्यभर दाराआडून कचेरी पाहिली आणि सदुसष्टाव्या वर्षी ती कचेरी स्त्रियांच्या ताब्यात देऊन टाकली. आमच्या वाङ्मयेतिहासांत या कादंबरीच्या वाट्यास, आली तर, दोन ओळी येतात. शैली जुनाट आहे, कथानक लांबते, हे आक्षेप खरे आहेत. ते हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्यांसही लागू पडतात, तरी तेथे आपण पाने खर्च करतो.

आनंदीबाईंची कथा मराठी घरास तोंडपाठ आहे, आणि ती तोंडपाठ असण्यातच तिचा घात झाला आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या 1968 मधील कादंबरीने, आणि तीवरील नाटकाने, तऱ्हेवाईक पण ध्येयवेडा नवरा व त्याने घडविलेली सोशिक पत्नी हे चित्र घराघरांत रूढ केले. मीराताईंनी 1996 मधील लेखात त्या चित्राच्या काचा काढल्या. आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या बालपणीच्या मारहाणीचा हिशोब आहे; दहाव्या वर्षी लाकडाने मारले, बाराव्या वर्षी खुर्च्या व पुस्तके अंगावर भिरकावली, याची याद ती मुलगी शांतपणे देते, हेतू चांगला होता हे मान्य करते, आणि तरीही लहान मुलाच्या मनावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार करता ते अनुचितच होते असा निवाडा देते. वकिलाची तडफ नाही, न्यायाधीशाचा समतोल आहे. पत्र लिहिणारीचे वय विशीच्या आसपास. नवऱ्याने घडविलेली मूर्ती असे बोलत नसते. मीराताईंनी या स्त्रीवादास विखंडित म्हटले. तो सलग नव्हता, कर्तव्यभावनेने, आजाराने, परदेशाने तो जागोजाग तुटलेला होता, आणि त्यांनी ते तुकडे बळेच सांधून सुबक पुतळा केला नाही.

पुढील काळातील कामाचा नुसता उल्लेख पुरे. स्वातंत्र्यपूर्व मराठी कथात्म साहित्यातील स्त्रियांवरील त्यांचा ग्रंथ 2012 मध्ये आला. विभावरी शिरूरकर, गीता साने, प्रेमा कंटक अशा लेखिकांस त्यांनी काशीबाईंच्या मागे एका परंपरेत उभे केले. प्रेमा कंटक आणि गांधीजी यांच्या संबंधांवर एक पुस्तक, मराठी रंगभूमी व चित्रपटावर एक. वडिलांविषयीही त्यांनी ग्रंथ संपादिला, आणि आजोबांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र इंग्रजीत आणले. यातली गोष्ट सूक्ष्म आहे. धर्मानंद ज्ञानाच्या शोधात घर सोडून गेले तेव्हा मागे पत्नी आणि लहान मुलगी होती. आयुष्यभर मागे राहिलेल्या स्त्रियांचे कागद वाचणाऱ्या नातीने निघून गेलेल्या आजोबांचा शब्दही तितक्याच निष्ठेने अनुवादिला.

एक उणीव सांगितली पाहिजे. मीराताईंचे जग बहुतांशी ब्राह्मण घरांचे आहे. ते साहजिक म्हणता येईल, कारण छापील कागद तेथेच अधिक होते. पण जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त लिहिलेला निबंध, किंवा ताराबाई, यांस मध्यभागी ठेवले असते तर नकाशा निराळा दिसला असता. ते काम इतरांनी केले आणि करीत आहेत. दुसरी गोष्ट उणीव कोणाची ते वाचकाने ठरवावे: त्यांचे बहुतेक प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी बायकांनी मराठीत लिहिलेले जगापुढे गेले हे उत्तमच झाले, पण त्यावरचे उत्कृष्ट विवेचन मराठी वाचकास परभाषेत वाचावे लागते. बाहेरच्या जगाने मागितले ते त्यांनी दिले. आम्ही काही मागितलेच नव्हते.

आनंदीबाईंची पत्रे आणि चरित्र यांवरील मोठा ग्रंथ त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. राम रामस्वामी, माधवी कोल्हटकर आणि आबान मुखर्जी यांनी तो संपादून नंतर प्रसिद्ध केला. आनंदीबाई वारल्या 26 फेब्रुवारी 1887 रोजी. मीरा कोसंबी 26 फेब्रुवारी 2015 रोजी. तारखांच्या अशा मेळावर भाष्य करण्याचा मोह आवरलेला बरा.

ज्यांच्या हाती छापखाने आणि विद्यापीठांची प्रकाशनखाती आहेत त्यांनी हे ग्रंथ मराठीत आणावेत. तोवर वाचकाने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक, काशीबाईंचे आनंदीचरित्र आणि 'पालखीचा गोंडा' ही तिन्ही मूळची मराठीच आहेत. जवळच्या जुन्या ग्रंथालयात जाऊन मागावीत.